मुलाने दाखवलेलं बेट

विमानतळाच्या दारातच मुलगा माझ्या पाया पडला आणि हातातली बॅग घेतली. तीन वर्षांनी मी त्याला बघत होते. उन्हाने रापून पार काळा पडला होता, खांदे भरले होते, हाताच्या तळव्यांना घट्टे आले होते. मी म्हटलं, "अभ्यास करून कुणी एवढा काळा होतो का रे?"

"इथलं ऊनच तसं आहे, आई," तो म्हणाला आणि पुढे चालू लागला.

कॅरिबियन समुद्रातल्या त्या लहानशा बेटावर तो डॉक्टर व्हायला गेला होता. इथे थोडक्या मार्कांनी त्याचा प्रवेश हुकला, तेव्हा ओळखीच्या एकाने तिकडच्या कॉलेजचं सुचवलं. माझा नवरा चाकणजवळच्या गावचा. शेतकऱ्याच्या घरातला, पण सगळं आयुष्य कंपनीत मेंटेनन्सला गेलं. मी चिंचवडच्या एका हॉस्पिटलात नर्स. आम्ही सांगवीत राहतो. मुलगा निघाला त्या दिवशी नवरा गावाकडच्या झाडून सगळ्या भाऊबंदांना म्हणाला होता, "आमच्या घराण्यातला पयला डॉक्टर हाय."

तिसऱ्या वर्षी मुलाने फी मागितलीच नाही. स्कॉलरशिप मिळाली म्हणाला. आम्ही सोसायटीत पेढे वाटले, नवऱ्याने कंपनीच्या बसमध्ये वाटले. मग त्यानेच माझं तिकीट पाठवलं. "आई, तू एकटीच ये. बाबा मागाहून येतील." तशीही नवऱ्याला रजा मिळत नव्हती. तीन विमानं बदलून मी पोहोचले. खोलीवर आणखी मुलं राहतात, तुला अडचण होईल, म्हणून त्याने मला एका लहान लॉजवर उतरवलं.

पहिल्या दिवशी मी म्हटलं, आधी तुझं कॉलेज दाखव. तो म्हणाला, परीक्षा संपल्यात, कॉलेज बंद आहे, नंतर बघू. आणि त्याने मला काचेच्या तळाच्या बोटीत बसवलं. पायाखाली निळं पाणी, त्यात पिवळे मासे, हरणाच्या शिंगांसारखी दिसणारी पोवळी. मला पोहता येत नाही. बाकावर लाइफ जॅकेट आवळून बसले होते, पण बरं वाटत होतं. मुलगा माझ्या कानाशी एकेका माशाचं नाव सांगत होता. मी म्हटलं, "हे पण शिकवतात का तुमच्या कॉलेजात?" तो पुढच्या माशाकडे बोट दाखवू लागला.

दुसऱ्या दिवशी जंगलातून चढून धबधब्यावर गेलो. वाटेत भेटणारा प्रत्येक गाईड त्याला हात करत होता, एकाने तर पाठीवर थाप मारली. मला कौतुक वाटलं. पोरगं कुठेही गेलं तरी माणसं जोडतं, असं वाटलं. धबधब्यापाशी एका गुळगुळीत खडकावर आम्ही पाय सोडून बसलो. तो पाण्यात खडे टाकत होता. मग म्हणाला, "आई, ऐक ना." नेमकं त्याच वेळी मी म्हटलं, "तू डॉक्टर झालास ना, की तुझ्या बाबांना इथे आणायचं. त्यांनी आयुष्यात मशिनीशिवाय काही बघितलं नाही." तो म्हणाला, "आणू." मी विचारलं, "तू काय म्हणत होतास?" तो म्हणाला, "काही नाही. भूक लागली का, विचारत होतो."

तिसऱ्या दिवशी खारफुटीच्या झाडांमधून लहान होडीत फिरवलं. मी पुढे, तो मागे वल्हं मारत. पाणी चहासारखं तांबूस होतं, फांद्यांवर मोठाले सरडे पहुडलेले. पुन्हा मी कॉलेजचं विचारलं. उद्या, म्हणाला. चौथ्या दिवशी समुद्रकिनारी घेऊन गेला. तिथे पाणी गुडघ्याइतकंच होतं म्हणून मी उतरले आणि दहाच पावलांत जीव जाईल अशी कळ पायात गेली. सी-अर्चिनवर पाय पडला होता. काळ्या काट्यांचा गोळा असतो तो, तळाशी बसलेला. टाचेत पाच-सहा काटे मोडून राहिले.

मुलाने मला उचलून वाळूवर आणलं. पलीकडच्या टपरीतून गरम पाणी आणि व्हिनेगर मागून आणलं, पाय त्यात बुडवून धरला, चिमट्याने एकेक काटा काढला. हात अगदी सराईत. मी नर्स आहे, सराईत हात मला कळतो. दुखणं कमी झालं तसं मला हसू आलं, थोडा अभिमानही वाटला. मी चेष्टेने म्हटलं, "डॉक्टरसाहेब, पाय बधिर झालाय. नाडी लागते का बघा जरा."

त्याने दोन बोटं माझ्या बाहेरच्या घोट्यावर ठेवली. हातातल्या घड्याळाकडे बघितलं. थोड्या वेळाने म्हणाला, "ठीक आहे. चांगली लागतेय."

तिथे नाडी नसते. पावलावर लागते, नाहीतर आतल्या घोट्यामागे. आमच्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना ते पहिल्याच वर्षी कळतं. चूक एखाद्याची होऊ शकते. पण जिथे नाडीच नाही तिथे बोटं ठेवून ती मोजल्याचं त्याने मला सांगितलं होतं. मी पाय हळूच मागे घेतला. म्हटलं, "चल, लॉजवर जाऊ."

दुसऱ्या दिवशी सकाळी मित्राकडे जाऊन येतो म्हणून तो बाहेर पडला. मी लंगडत रस्त्यावर आले आणि मिनीबसवाल्याला कॉलेजचं नाव सांगितलं. कॉलेज बंद नव्हतं. पांढरे कोट घातलेली मुलंमुली पायऱ्यांवर बसून डबे खात होती. आतल्या बाईने नम्रपणे सांगितलं की विद्यार्थ्याची माहिती कुणालाही देता येत नाही, आईलासुद्धा नाही. मी बाहेर येऊन पायऱ्यांवरच्या एका मुलीला, आपल्याकडचीच दिसत होती, मोबाइलमधला मुलाचा फोटो दाखवला. ती ओळखीचं हसली.

"आंटी, वो तो पिछले साल ही छोड़ गया. जेटी पे मिलेगा, बोट पे काम करता है." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून तिचं हसू मावळलं. "आपको पता नहीं था?"

मी म्हटलं, "पता था."

धक्क्यावर गेले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. बोट सुटायच्या बेतात होती. मुलगा निळा टी-शर्ट घालून पर्यटकांच्या अंगावर लाइफ जॅकेटचे पट्टे आवळत होता. एका लहान मुलीला काहीतरी सांगून हसवत होता. मला बघितलं आणि त्याचे हात तिथेच थांबले. तो खाली उतरून माझ्यापाशी आला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दीड वर्ष झालं. पहिल्या वर्षाचीच परीक्षा दोनदा गेली, आई. डोक्यात राहतच नव्हतं. मग कॉलेजने काढलं."

"आणि स्कॉलरशिप?"

"तुमच्याकडून फी घ्यायची नव्हती म्हणून तसं बोललो."

"आम्ही पेढे वाटले रे."

"माहिती आहे. मी फोन केला होता सांगायला. बाबांनीच उचलला. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, आख्ख्या लाइनला सांगितलंय, माझा पोरगा स्कॉलर निघाला. मग माझं काही बोलणंच झालं नाही." त्याने खाली बघितलं. "म्हणून तुला बोलावलं. रोज ठरवायचो, आज सांगतो. धबधब्यावर सांगणार होतो. होडीत सांगणार होतो."

बोटीवरून म्हाताऱ्या कॅप्टनने त्याला हाक मारली. मुलगा म्हणाला, "तीन वाजता परत येतोय. इथेच बस. सगळं बोलू."

त्या वेळी मी जे बोलले ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही, नवऱ्यालाही नाही. मी म्हटलं, "येऊ नकोस परत. तुझ्या बापाला मी सांगते की पोरगा बुडून मेला. ते त्याला सोसेल. हे सोसायचं नाही."

त्याने मान वळवली, बोटीवर चढला आणि दोर सोडला.

तीन वाजले. बोट आली नाही. साडेतीन झाले. तिकीटखिडकीतली बाई म्हणाली, होतो कधीकधी उशीर. चार वाजता तिने वायरलेसवर हाक दिली, उत्तर आलं नाही. मग ती खिडकीतून बाहेर येऊन माझ्या शेजारी उभी राहिली, आणि ती माझ्यासाठी खुर्ची घेऊन आली तेव्हा मला खरी भीती वाटली. पूर्वेकडे आभाळ भरून आलं होतं. किनाऱ्यावर तपकिरी शेवाळाचा ढीग साचला होता, त्याला सडक्या अंड्यांसारखा वास येत होता. त्या वासात मी बसून राहिले.

मी कॅज्युअल्टीत बरीच वर्षं काढली आहेत. इंद्रायणीत पोहायला गेलेली मुलं स्ट्रेचरवरून येताना बघितली आहेत. त्यांच्या आयांना धरून बाहेर नेणं हे माझंच काम असायचं. "बाई, बसा, पाणी प्या," हे मी किती जणींना म्हटलं असेल. त्या दिवशी ती तिकीटवाली बाई मला तेच म्हणत होती. मला एकच दिसत होतं. भरल्या बोटीच्या कडेला तो उभा आहे, माझं बोलणं त्याच्या कानात आहे, आणि तो चांगला पोहणारा असला तरी पोहत नाही.

मी नवऱ्याला फोन लावला. तिकडे रात्र होती, त्याची तिसरी शिफ्ट चालू होती. मशिनींच्या आवाजातून तो ओरडला, "काय गं, समदं ठीक हाय ना?"

"हो."

"पोरगं कुठंय?"

"बोटीवर गेलाय."

"अभ्यास सोडून?" तो हसला. "आसू दे, सुट्टी हाय त्याची. तू बी फीर जरा. फोटू धाड." आणि सुपरवायझर आला म्हणून त्याने फोन ठेवला.

मी कधी नवस बोललेली बाई नाही. त्या खुर्चीवर मात्र सगळं बोलले. डॉक्टर नको. डिग्री नको. त्याला बोटच चालवू दे. भाऊबंद काय म्हणतील ते म्हणू देत. फक्त त्याला किनाऱ्याला लागू दे. तिकीटवाल्या बाईने माझा हात धरला होता, तो कधी धरला ते मला आठवत नाही.

सूर्य पाण्याला टेकायला आला तेव्हा एक कोळ्याची होडी दिसली आणि तिच्यामागे दोराने ओढत आणलेली आमची बोट. पंख्यात शेवाळ अडकून इंजिन बंद पडलं होतं, वायरलेसही बिघडला होता. लोक ओकून ओकून गळून गेले होते. मुलगा एकेकाला हाताला धरून खाली उतरवत होता. त्याच्या दोन्ही तळव्यांना कापडं गुंडाळलेली होती, ती रक्ताने भरली होती. कॅप्टन मला म्हणाला, "तुमचा मुलगा चारदा पाण्याखाली गेला, सुरी घेऊन. पंखा मोकळा केला, तरी इंजिन सुरू झालं नाही."

सगळे उतरल्यावर तो माझ्यासमोर आला. मी त्याच्या हातांची कापडं सोडली. जखमा खोल नव्हत्या. तिकीटखिडकीतल्या पेटीतून औषध घेऊन मी त्या धुतल्या, पट्ट्या बांधल्या. मला वाटलं होतं, तो जिवंत दिसला की दुसरं काही उरणार नाही. पण शेवटची गाठ मारताना माझा राग जसाच्या तसा परत आला. नवसाला बोललेलं सगळं मी मनातल्या मनात मागे घेत होते. त्याची मला लाज वाटली, तरी राग गेला नाही.

"घरी चल माझ्याबरोबर," मी म्हटलं.

"नाही, आई."

"तिकडे काहीतरी बघू. फार्मसी कर. ताथवड्यात कॉलेजं कमी आहेत का?"

"आई, मला जमणार नाही. आणि इथे मला जमतंय."

उरलेला दीड दिवस आम्ही कुठेही गेलो नाही. त्याच्या खोलीवर मी पिठलं-भात केला. बोटीवरचीच दोन मुलं त्याच्याबरोबर राहत होती, तीही जेवली. विमानतळावर तो पुन्हा पाया पडला. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, पण बोललेलं परत घेतलं नाही. घ्यायला हवं होतं.

मुंबईला नवरा न्यायला आला होता. घाटाच्या अलीकडे चहाला थांबलो तेव्हा त्याने विचारलं, "कालेज बघितलं का? केवढं हाय?" मी तिथेच सांगितलं. त्याने अर्धा चहा तसाच ठेवला, गाडीत जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या बसने कंपनीत गेला.

याला आता दोन वर्षं होत आली. मुलगा दर रविवारी फोन करतो. स्वतः बोट चालवायचं लायसन त्याने काढलंय. नवरा त्या वेळी भाजी आणायला बाहेर पडतो. कुणी विचारलं तर आम्ही दोघं एकच उत्तर देतो, "तो तिकडेच आहे," आणि विषय बदलतो.

मागच्या महिन्यात आमच्या वॉर्डात आळंदीची एक बाई भेटली. तिच्या नवऱ्याचं ऑपरेशन होतं. कुणाकडून तरी ऐकून मला शोधत आली. "सिस्टर, तुमचा मुलगा त्या बेटावर डॉक्टरकीला आहे ना? आमच्या मुलीला तिथेच घालायचं चाललंय. कसं आहे हो कॉलेज?" मी नेहमीचं उत्तर द्यायला तोंड उघडलं. बाईच्या हातात फॉर्म होता, मुलीचा फोटो चिकटवलेला. मी म्हटलं, "कॉलेज चांगलं आहे. माझ्या मुलाला झेपलं नाही. तो आता बोटीवर काम करतो. मुलीला इतकंच सांगून ठेवा, नाही जमलं तर घरी फोन कर, आम्ही ऐकून घेऊ." बाई माझ्याकडे बघत राहिली. मग फॉर्मची घडी करून पर्समध्ये ठेवली आणि नवऱ्याच्या खाटेकडे गेली.

त्या संध्याकाळी जेवताना मी नवऱ्याला सांगितलं की आज मी एका बाईला खरं काय ते बोलले. त्याने मोडलेला घास ताटात परत ठेवला.

"मला आधी इचारायचं व्हतं," तो म्हणाला. मग उठला, हात धुतला आणि बाल्कनीत जाऊन उभा राहिला. मी बराच वेळ दोन्ही ताटांपाशी बसून होते.