सिरानुशच्या मागे पाणी

कॉफी उतू जाऊन करपली, की मी आता राहते त्या खलिफा सिटीतल्या स्वयंपाकघरात माझा हात थबकतो. त्या कडवट वासामागून शारजातली माझी जुनी शेजारीण, सिरानुश, तिच्या रिकाम्या खोल्यांतून चालत येते.

ती आर्मेनियन होती. जन्म अलेप्पोचा, संसार शारजातला. आजी पोरवयातच मायदेशातून परागंदा झालेली. ज्या आर्मेनियात सिरानुश कधी राहिली नव्हती, तिथे ती साठीत कायमची ‘परत’ निघाली होती.

“तिथल्या थंडीत गोठशील गं,” मी म्हटलं.

“तुझ्या एसीत रोज गोठतेच की,” ती हसली. शेवटची कॉफी मात्र तिने गप्पांच्या नादात करपवली.

प्रवाशाच्या मागे पाणी ओतलं, की तो सुखरूप परततो, अशी तिच्या माणसांची रीत. दर उन्हाळ्यात ती लेकीकडे निघाली, की मीच ते ओतत असे. त्या सकाळीही मी तांब्या भरून दारात उभी राहिले. बॅगा लिफ्टमध्ये गेल्या. मी तांब्या कलता करणार, तोच तिने मागे फिरून माझं मनगट धरलं. बोटं गार होती.

तेव्हा वाटलं, ती मला तोडते आहे. आज वाटतं, इथे परतण्याची वाट उघडी राहिली असती, तर तिचं पाऊलच उचललं नसतं. न ओतलेलं ते पाणी अजून माझ्या हाताला जड लागतं. माझ्याकडूनच शिकलेल्या मराठीत ती हळूच म्हणाली,

“नको.”