माहेरचं नाव बी लिवा

नेवाशाच्या कोर्टाच्या आवारात मी सव्वीस वर्षं स्टॅम्प विकले. नाव काकासाहेब, पण सगळे नुसतं काकाच म्हणत. स्टॅम्पाबरोबर गोरगरिबांचे अर्जही लिहून द्यायचो. स्वभाव तिखट. हे मीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला दुसऱ्याकडून ऐकायला नको. गिऱ्हाइकानं एकच गोष्ट दोनदा विचारली की माझं डोकं सणकायचं. मी कुणाचं कौतुक करायला लागलो की आमच्या घरात हसतात. हसू देत. चांगुणाचं कौतुक मी करणारच.

एकाहत्तर साली ती पहिल्यांदा आली. घोडेगावची. भाऊ गोरक्षनाथ तिथल्या बैलबाजारात दलाली करायचा. नवऱ्यानं दुसरी केली आणि हिला माहेरी आणून सोडलं, त्याला तीन वर्षं झाली होती. पोटगीचा अर्ज करायचा होता. तो मीच लिहिला. भाऊ पुढे, ही मागे पदर ओढून उभी. मी विचारलं, "नाव?" भाऊ म्हणाला, "मनकर्णा." ते सासरचं नाव. आमच्याकडे लग्नात ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहितो, आणि त्या दिवसापासून ती पोरगी सासरी दुसरीच कुणीतरी होते. माहेरी मात्र जुनंच चालू, हिचं चांगुणा. मी "मनकर्णा" लिहिलं, पुढचं गिऱ्हाईक घेतलं.

तारखेला ती सकाळपासून लिंबाखाली बसून होती. भाऊ चहाला गेला होता. बाराच्या सुमारास शिपायानं दारात येऊन तीनदा पुकारा केला, "मनकर्णा हाजिर हो!" ही बसलेलीच. तीन वर्षांत तिला कुणी त्या नावानं हाक मारली नव्हती. मी जवळच भाकरी खात होतो. दोन वाजता ती माझ्याकडे आली, "काका, माझा पुकारा कवा व्हनार?" तोवर अर्ज फेटाळला गेला होता, अर्जदार गैरहजर म्हणून.

भावानं सगळ्या आवारासमोर तिच्यावर तोंडसुख घेतलं. "बहिरी हायेस का गं?" म्हणाला. तिचा हात धरून एस्टीत बसवून घेऊन गेला.

तिसऱ्या दिवशी ती एकटी परत आली. खळेकर वकिलांचे कारकून रंगनाथअण्णा माझ्या शेजारीच बसायचे. तीस वर्षं त्याच वकिलांकडे. चांगुणा त्यांच्यापुढे उभी राहून म्हणाली, "अण्णा, माझा अर्ज कशानं गेला, त्यो कागद मला दावा."

अण्णांनी नक्कल काढून आणली. तिनं उभ्याउभ्या वाचली, एकदाही न अडखळता. पोरगी सातवी पास होती. अण्णांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि ही गोष्ट त्यांनी वकिलांपासून लपवली होती. त्यांनी दप्तरातून दुसरा कागद काढला. "हा वाच." मग तिसरा. मग म्हणाले, "महिन्याच्या आत तुझा अर्ज पुन्हा उभा करता येतो, पोरी."

"भाऊ येत न्हाई म्हनतो. ऱ्हाऊ द्या. आधी हे समदं शिकते मी."

आणि अण्णांच्या हाताखाली शिकायला ती नेवाशात मावशीकडे राहायला आलीच! बाईमाणूस कोर्टात कारकुनी करणार म्हटल्यावर मी काय काय बोललो ते आता सांगवत नाही. अण्णांनी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

पहिले चार महिने त्यांनी तिला लिहायला काही दिलंच नाही. नुसतं दाभण आणि दोरा. प्रत्येक दाव्याचे कागद लावायचे, पानांवर आकडे घालायचे, शिवायचे. मग नकला. मग अर्ज. अण्णांचा एक नेम होता: कागद कोर्टात देण्याआधी तो पक्षकाराला वाचून दाखवायचा आणि त्यानं तो आपल्या तोंडानं परत सांगायचा. त्याला सांगता आलं नाही, की कागद फाडायचा. एकदा तिनं लिहिलेला सहा पानांचा सुंदर अर्ज पक्षकाराला परत सांगता आला नाही म्हणून त्यांनी माझ्यादेखत टरकावला. पोरीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. पण दिवस मावळायच्या आत सहाची सहा पानं पुन्हा तयार होती.

चूक तिनंही केली. एक तारीख डायरीत एक पान पुढे लिहिली आणि खळेकर वकील एक दिवस उशिरा पोचले. वकील संतापले. अण्णा म्हणाले, "तारीख मीच चुकीची सांगितली, साहेब." प्रकरण तिथंच मिटलं असतं. पण ही बया पुढे होऊन म्हणाली, "अण्णा मला वाचवाया खोटं बोलत्यात. चूक माझी हाय." झालं! वकिलांनी तिला हाकलून दिलं.

आठ दिवस ती कोर्टाच्या पायरीवर बसली. रोज सकाळी बोर्डावरचे दावे उतरवून घ्यायची आणि अण्णांच्या हातात द्यायची. ना पगार, ना कुणाचा चांगला शब्द. नवव्या दिवशी खळेकर वकील जाता जाता म्हणाले, "आत येऊन बस. इथं ऊन लागतं."

मला मात्र तिनं भंडावून सोडलं होतं. बाई पक्षकार आली की आवारातले बाकीचे स्टॅम्पवाले सोडून तिला माझ्याकडेच पाठवायची आणि स्वतः मागे येऊन उभी राहायची.

"काका, माहेरचं नाव बी लिवा."

"जागा नाही!"

"मग बारीक लिवा."

वर्षभर हेच. शेवटी कटकट नको म्हणून मी आपणहूनच विचारायला लागलो.

मग त्र्याहत्तरचा उन्हाळा आला. दुष्काळाचं दुसरं वर्ष. जामखेडकडच्या एका खेड्यातली छबूबाई खळेकरांकडे आली होती. पन्नाशी उलटलेली विधवा, थंडीत ऊसतोडीला जायची, उन्हाळ्यात खडी फोडायची. तिच्या बापाची, गहिनीनाथाची, आमच्या तालुक्यात पाच एकर जमीन होती, तिथं नुकतंच पाटाचं पाणी आलेलं. बाप वारल्यावर चुलतभावांनी ती ताब्यात घेतली होती. तिनं दावा लावला. चुलतभावांनी जबाब दिला की गहिनीनाथाची एकुलती एक मुलगी भागूबाई लहानपणीच देवीच्या साथीत वारली, ही छबूबाई कोण आम्ही ओळखत नाही.

भागूबाई म्हणजे तीच. माहेरचं नाव ते. पण सिद्ध कसं करणार? शाळेत गेली नाही, जन्माची नोंद नाही, लग्नाला हजर असलेले सगळे वर गेलेले.

"मी मेले म्हनत्यात, बाई," ती चांगुणाला म्हणाली. "माझ्या तोंडावर म्हनत्यात."

जज्जसाहेबांनी शेवटची मुदत दिली. पुढच्या तारखेला पुरावा आला नाही तर दावा गेला, आणि दाव्याबरोबर म्हातारीच्या हक्काची भाकरीही. खळेकरांनी आशा सोडली होती. चांगुणानं दोन दिवसांची रजा मागितली आणि जामखेडची एस्टी धरली.

पुढचं तिनंच मला सांगितलं. फाट्यावर उतरून दोन कोस चालत ती छबूबाईच्या गावात पोचली. टँकर यायचा होता. वेशीपासून भांड्यांची रांग लागलेली. बायका कामावर, भांडी रांगेत. म्हातारीची वाट बघत ती तिथंच टेकली, आणि रिकामं बसवेना म्हणून भांड्यांवरची नावं वाचायला लागली. लग्नात दिलेल्या भांड्यांवर नाव घालायची पद्धत तर घरोघरी आहे. एका पोचे पडलेल्या पितळी कळशीच्या गळ्याशी तिला अक्षरं दिसली. पदरानं पुसली. "गहिनीनाथ सहादेव यांजकडून चि. भागूबाई व जावई भीमा यांस लग्नात. शके १८५७."

कळशी छबूबाईची होती. भीमा तिचा नवरा.

"आजी, हिच्यावर काय लिवलंय ठाऊक हाय का?"

"बानं दिल्याली हाय, येवढं ठाऊक. मला कुठं वाचता येतंय?"

अडतीस वर्षं ती बाई स्वतःचा पुरावा डोक्यावर घेऊन पाणी भरत होती!

तारखेला म्हातारी कळशी मांडीवर घेऊन एस्टीतून आली. समोरचा वकील हसला. "काल कोरून आणली असेल!" जज्जसाहेबांनी अक्षरांवरून बोट फिरवलं. चिंच-राखेनं घासून घासून अक्षरांच्या कडा पार बोथट झालेल्या. मग खळेकरांनी पिंजऱ्यातल्या चुलतभावाला विचारलं,

"गहिनीनाथला मुली किती?"

"येकच."

"ती लहानपणीच वारली?"

"व्हय."

"मग हा जावई भीमा कुणाचा?"

त्यानं कळशीकडे पाहिलं आणि मग आपल्या वकिलाकडे.

जमीन म्हातारीला मिळाली. तिचा पहिला प्रश्न होता, "माझी कळशी कवा देत्यात?" अपिलाची मुदत संपेपर्यंत कळशी पुरावा म्हणून कोर्टातच राहणार होती. चांगुणानं मावशीचा हंडा आणून म्हातारीच्या हातात दिला.

त्याच आठवड्यात अण्णा डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी नगरला गेले. जाताना दप्तराच्या पेटीची किल्ली त्यांनी चांगुणाच्या पुढ्यात ठेवली. "मी आता येत नाही. ही जागा तुझी." एवढंच बोलले.

ते गेल्यावर मला राहवेना. म्हणालो, "चांगुणे, तुझा पुकारा झाला ना, तो मला ऐकू आला होता. मनकर्णा म्हणजे तूच, हे मला माहीत होतं. अर्ज मीच लिहिलेला. भाकरी अर्धी राहिली होती. उठायचा कंटाळा केला मी."

ती कागद शिवत होती. हात थांबला नाही. "ठाऊक हाय मला."

"कसं?"

"पुकारा झाला तवा तुमी माझ्याकडं बघितलं, अन् मान खाली घातली. कशापायी, ते कागद वाचल्यावर समजलं."

"अगं मग बोलली का नाहीस? वर बायका माझ्याकडेच धाडत राहिलीस!"

"म्हनून तर तुमच्याकडं धाडल्या," ती म्हणाली. "दुसरा कुनी चुकला असता, काका. तुमी परत चुकनार न्हाई, हे मला ठाऊक हुतं."

दुसऱ्या दिवशी मी जेवायला बसलो आणि शिपायानं पुकारा केला, "झुंबरबाई हाजिर हो!" कुणीच हललं नाही. चांगुणा आत होती. मी भाकरी फडक्यात ठेवली, उठलो आणि लिंबाखाली बसलेल्या एकेकीला विचारत सुटलो, "बाई, सासरचं नाव काय तुमचं?"