एकेचाळीस दिवस एकच आकडा

अंधांसाठी वाचलेल्या पुस्तकांची रेकॉर्डिंग ठेवणाऱ्या एका मोठ्या मोफत वेबसाइटचे सर्व्हर आम्ही चौघं बिनपगारी सांभाळतो. रोज सकाळी बॅकअपची मेल येते: ‘यशस्वी’, आणि खाली प्रतीचा आकार. मेल पाहिली की ग्रुपवर अंगठा टाकायचा, ही आमची पद्धत. एकाचा अंगठा दिसला की बाकीचे तिघं मेल उघडत नाहीत.

गेल्या महिन्यात एका शनिवारी सर्व्हरच्या दोन डिस्कपैकी एक मेली. नवी बसवली आणि उरलेल्या जुन्या डिस्कवरून तिच्यात सगळं उतरू लागलं. रविवारी आयर्लंडमधल्या मलिंगारला घरी चहा घेताना मी मेल उघडली. आकडा ओळखीचा वाटला. शनिवारचाही तोच होता, शेवटच्या अंकापर्यंत. मागे मागे गेलो. एकेचाळीस दिवस तोच. रोज नवी रेकॉर्डिंग येत असताना हे शक्यच नव्हतं. बॅकअप कधीचाच बंद पडला होता. मेल जुन्याच प्रतीचा आकार सांगत होती.

मी अंगठे मोजले. सव्वीस माझे होते.

“विजेच्या मीटरचं रीडिंग दोनदा तपासतोस,” बायको म्हणाली, “आणि हे नुसतं अंगठ्यावर?”

आमच्या चौघांतल्या, किलकेनी गावच्या सोबत्याला फोन लावला. “ग्रँड आहे रे, मस्त चाललंय, नव्या डिस्कवर साठ टक्के उतरलंय,” तो म्हणाला.

“उरलेली डिस्क मेलेलीच्याच वयाची आहे, तीही कधीही जाईल. ते थांबव. आधी हे एकेचाळीस दिवस बाहेर काढू.”

त्यानं ते थांबवलं. मग म्हणाला, “सुरुवात कुठून?”

“गॉलवेच्या बाईंपासून.”

त्या निवृत्त शिक्षिका. घशाच्या ऑपरेशननंतर आवाज राहणार नव्हता, म्हणून अंध बहिणीसाठी त्यांनी महिन्याभरात अख्खं पुस्तक वाचून काढलं होतं. तेवीस प्रकरणं. ऑपरेशन गुरुवारी झालं होतं.

पहिली पंधरा प्रकरणं झरझर आली. सोळावं रेंगाळलं. बाविसाव्याला वीस मिनिटं लागली. तेविसावं चार टक्क्यांवर थांबलं आणि जुन्या डिस्कनं उत्तर देणं बंद केलं; नवीत ते अजून उतरलं नव्हतं.

‘अपलोड झाल्यावर स्वतःकडे प्रत ठेवायची गरज नाही’ ही साइटवरची ओळ माझी आहे. तरी मी बाईंना मेल केली: शेवटच्या प्रकरणाची प्रत चुकून राहिली आहे का?

दहा मिनिटांत उत्तर आलं. “नाही. तुमच्या सूचनेप्रमाणे लगेच पुसते. सगळं ठीक ना? बहीण रोज एकच प्रकरण उतरवून घेते, आज एकोणिसावं ऐकते आहे.”