चार बाय पाच

आमच्याकडे कुठलंही माप फुटातच असतं. खोली दहा बाय दहा, दुकानाचा गाळा दहा बाय पंधरा, नाक्यावरचा वाढदिवसाचा बॅनर आठ बाय दहा. पुढे 'फूट' म्हणायची कुणाला गरजच वाटत नाही. हे मला वेळेवर आठवायला हवं होतं, पण तेव्हा मी पिक्सेलच्या नादाला लागले होते.

नाद लागला ताईमुळे. ती बदलापूरला हेंद्रेपाड्यात राहते, मी विठ्ठलवाडीला. अंबरनाथच्या एका औषधांच्या कंपनीत ती पॅकिंगला होती. दिवसभर उभ्याने काम, संध्याकाळी पाय सुजून चपलेत मावायचे नाहीत. शेवटी तिने काम सोडलं, उल्हासनगरला जाऊन आरीवर्क शिकली आणि घरीच ब्लाउजवर भरतकाम करायला बसली. दिवाळीपर्यंत ऑर्डरी आल्या तर ठीक, नाहीतर परत पॅकिंग, असं तिने ठरवलं होतं. सुपरवायझर बाईंनी जागाही धरून ठेवली होती. मला त्या जागेचीच धास्ती होती. ताई परत तिथे उभी राहिलेली मला बघवली नसती.

दाजी या विषयावर कधी काही बोलायचे नाहीत. कंपनीतून आले की चहा, बातम्या, जेवण. ताईची समजूत अशी की, आपलं हे काम त्यांना खूळ वाटतं.

काम मात्र तिचं देखणं होतं. पाठीवर मोर, बाह्यांवर वेल आणि मागच्या नाडीला तिने स्वतः ओवलेले मण्यांचे लटकन. त्या लटकनांवर तिचा फार जीव. फोटो काढून सोशल मीडियावर टाकायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी ऑफिसात कॉम्प्युटरवर बसते. मी तिथे दिवसभर बिलं टाइप करते, हे कुणी विचारात घेतलं नाही.

एकामागून एक बोटाने सरकवायचे फोटो असतात ना, तशी स्लाइडची पोस्ट करायची ठरली. सुरुवातीला मी सगळे ब्लाउज पलंगावर मांडून एक ऐसपैस आडवा फोटो घेतला आणि मागे एकेका ब्लाउजचे उभे फोटो लावले. पहिल्या फोटोचा जो आकार, तोच मागच्या सगळ्यांना लागू होतो, हे मला कुठे ठाऊक? सगळे ब्लाउज वरून गळ्यापाशी आणि खालून कमरेपाशी छाटले गेले. ताईने पोस्ट सरकवत शेवटपर्यंत पाहिली आणि विचारलं, "माझे लटकन कुठे गेले?"

त्याच पोस्टखाली एका बाईंनी लिहिलं, 'छान आहे, पण लटकन लावून मिळतील का?' ताई दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

मग चौकोनी करून पाहिलं. त्यात लटकनांचे मणी आले, खालचे गोंडे गेले. अर्धवट लटकन तर आणखी वाईट दिसत होते. शेवटी मी नीट शोधलं आणि ताईला फोनवर वाचून दाखवलं, "एक हजार ऐंशी बाय तेराशे पन्नास."

"एवढं मोठं मोबाइलमध्ये मावणार कसं?"

मी कपाळाला हात लावला. हिला सोपं करून सांगायला हवं. तसं ते सोपंच होतं. रुंदीला चार भाग तर उंचीला पाच, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळे फोटो त्याच मापाचे. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा फोन केला. ताईचे हात सुईदोऱ्यात, म्हणून दाजींनी उचलला. मी घाईत होते. "दाजी, ताईला सांगा, साइज मिळाली. ब्लाउजचा फोटो उभा घ्यायचा, चार बाय पाच. तेवढं करून टाका."

"चार बाय पाच. बरं," दाजी म्हणाले. तो निरोप ताईपर्यंत पोचलाच नाही.

रविवारी मी बदलापूरला गेले तर दाजी काखेत एक लांब गुंडाळी घेऊन दारात उभे. उल्हासनगरला जाऊन आले होते. त्यांनी ती हॉलभर उलगडली. चार फूट बाय पाच फुटांचा फ्लेक्स. त्यावर माणसाच्या उंचीचा ब्लाउज, लटकनांसकट. आणि खाली कोपऱ्यात हात जोडलेले दाजी. त्याखाली ठळक अक्षरांत 'शुभेच्छुक'.

"अहो, ब्लाउज निवडणुकीला उभा आहे का?" ताई म्हणाली.

"दुकानवाल्याने विचारलं, शुभेच्छुक में किसका फोटो डालूं. मला वाटलं, लागतो."

"दाजी, ते फूट नव्हते हो," मी म्हणाले.

"मग काय, इंच?"

"इंचही नाही."

दाजींनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच खुळी ठरले. मला हसू आवरेना. ताईला मात्र बिलकुल हसू येत नव्हतं. दिवाळी तोंडावर आली होती. तिने फ्लेक्स उचलला आणि शुभेच्छुक भिंतीकडे करून उलटा टांगून दिला. "टाकवत नाही म्हणून," ती म्हणाली. दाजी चहाला न थांबता खाली निघून गेले. मला वाईट वाटलं.

फ्लेक्सची मागची बाजू कोरी पांढरी होती. मी त्यापुढे सहज एक ब्लाउज हँगरला लावला, फोटो काढला आणि फ्लेक्सच्या कडांवर बरोब्बर कापला. वेगळं माप घ्यावंच लागलं नाही. रुंदीला चार, उंचीला पाच हा माझा हिशेब दाजींनी भिंतीएवढा करून आणला होता. कडेला ब्लाउज जाऊ द्यायचा नाही, एवढंच आता सांभाळायचं. आम्ही दुपारभर सगळे ब्लाउज टांगले. सगळ्या स्लाइड एका मापाच्या आल्या. शेवटपर्यंत एकही गोंडा कापला गेला नाही.

पुढच्या आठवड्यात बदलापूर पूर्वेहून एक बाई घरी आल्या. मुलीचं लग्न होतं. मोबाइल पुढे धरून त्यांनी बोटाने दाखवलं, "हेच लटकन हवेत. नवरीला आणि आम्हा सगळ्या बायकांना." त्यांच्यामागे त्यांच्या विहीणबाईंचा फोन आला.

मी तिथेच होते तेव्हा ताईने सुपरवायझर बाईंना फोन लावला. "माझी जागा दुसऱ्या कुणाला द्या," एवढंच म्हणाली आणि त्यांच्या मुलाबाळांची चौकशी करत बसली. मला रडू आलं.

फोन ठेवून ती उठली. भिंतीवरचा फ्लेक्स काढला, सुलटा केला आणि गॅलरीच्या कठड्याला बाहेरच्या बाजूने बांधायला घेतला. मी दुसरं टोक धरलं.

"अगं, फोटो कशापुढे काढणार?"

"उद्या परत उलटा करू." गाठ मारता मारता तिने खाली वाकून पाहिलं. दाजी कंपनीतून येऊन गेटाशी उभे होते, वर बघत. "आज शुभेच्छुक दिसू दे."