शीतलचा कोपरा

मंडळी, आमच्या केनवडच्या शाळेच्या कबड्डी संघातल्या शीतल अन् पूजा ज्युनिअर राष्ट्रीय संघाच्या शिबिराला गेल्या. अभिमान आहेच. पण जिल्हा स्पर्धेसाठी उरलेल्या मुलींमधून बारा नावं मला आजच पाठवायची होती. म्हणून सकाळी रिसोडला सरावाचा सामना ठेवला.

पहिल्याच चढाईत समोरची पोरगी आमच्या डाव्या कोपऱ्यातून आरामात बोनस गुण घेऊन गेली. तिथं कोणीच नव्हतं. आमच्या सातही जणी मधोमध गर्दी करून उभ्या!

मी ओरडलो, "कोपरा रिकामा काहून ठेवला वं?"

रेणुका म्हणाली, "सर, तो शीतलचा हाय ना. तिथं दुसरं कोणी उभं राह्यचं नाई, तुमीच सांगतलं होतं."

सांगितलं होतं खरं. तीन वर्षांत तो कोपरा मी दुसऱ्या कोणाला शिकवलाच नाही.

उत्तरार्धात रेणुकालाच तिथं उभं केलं. दोनदा चुकली. तिसऱ्यांदा तिनं चढाईवालीचा घोटा असा धरला, की सुटलाच नाही.

सामना हरलो. यादीत पहिलं नाव रेणुकाचं लिहिलं.

तीन वर्षं ही पोरगी माझ्या डोळ्यासमोरच होती. तुमच्या डोळ्यासमोर कोण उभं आहे?