नंदाबाईची पोटरी

टाकवे गावात नंदाबाईला 'कामचुकार' हे नाव लग्नाच्या पहिल्याच साली पडलं. भाताचा भारा डोक्यावर घेऊन वीस पावलं गेली, की तिच्या पोटऱ्या लाकडासारख्या ताठायच्या आणि ती बांधावर बसायची. दहा मिनिटांनी तीच बाई झपाझप चालू लागे. त्यामुळे तर कुणाचाच विश्वास बसेना. सासू अंबूबाई म्हणायची, "आता बरी चालतीस? निस्तं सोंग हाय." बावीस वर्षं हेच ऐकून तिचं तिलाच वाटू लागलं होतं, असेल आपल्यातच आळस.

यंदाच्या कापणीत तिने हट्टाने, न थांबता पाच भारे खळ्यावर नेले. संध्याकाळी लघवी काळ्या चहासारखी झाली. वडगावच्या डॉक्टरांनी रक्त तपासून तिला पुण्याला एका तपासणी केंद्रात धाडलं. अंबूबाई सोबत आली. खरं-खोटं तिला स्वतःच्या कानांनी ऐकायचं होतं.

"स्नायू काम करताना आत काय खर्च होतं, काय तयार होतं, ते या एमआरआयमध्ये कळतं," तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पायाने ही पट्टी दाबत राहा. पाय ताठायला लागला की लगेच हातातला फुगा दाबा. त्रास सोसून दाबत राहू नका, पुन्हा तशी काळी लघवी झाली तर मूत्रपिंडाला धोका आहे."

तिला आत सरकवलं आणि यंत्र ठकठकू लागलं. नंदाबाईला दुखण्याची भीती नव्हती. यंत्राला काहीच सापडलं नाही तर?

दुसऱ्या मिनिटाला पोटरीत गोळा आला. फुगा हातात होता. तिने दाबला नाही. अजून थोडं. नीट दिसू दे त्याला. दात आवळून ती पट्टी दाबत राहिली.

"नंदाबाई, थांबा! पाय सोडा!" आतल्या स्पीकरमधून आवाज आला.

पाय सुटेना. पोटरी दगड झाली होती. तिला बाहेर ओढलं, तेव्हा ती घामाने भिजली होती.

"फुगा का नाही दाबलात?"

"न्हाई दिसलं तर, म्हनून."

"अहो, पहिल्याच मिनिटाला दिसलं! एवढ्या कष्टाने स्नायूत आम्ल तयार व्हायला हवं. तुमच्यात झालंच नाही. स्नायूत साखर साठलेली आहे, पण ती मोडता येत नाही. जन्मापासूनच. रक्तातल्या जनुकांच्या तपासणीने पक्कं करू, पण यात तुमचा काही दोष नाही."

अंबूबाई खाली बघत पदर चाळवत राहिली. नंदाबाईला वाटलं होतं आनंद होईल. आला तो राग. बावीस वर्षांचा.

"भावंडांपैकी कुणाला असं होतं का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

नंदाबाई चमकली. तिचा भाऊ, सीताराम! शाळेत पळता पळता मैदानातच बसायचा, आणि मास्तर 'लबाड' म्हणत छडी घेऊन यायचे. तिने तिथूनच फोन लावला.

"सीताराम, ऐक. तू लबाड नव्हतास रं."