मेणबत्ती फुंकायची नाही!

आधीच माफी मागतो. माझं शुद्धलेखन कच्चं आहे. नववीत शाळा सोडली, तेव्हापासून हातात पेन कमी आणि खुरपं जास्त. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर तुमच्या मनानं सुधारून वाचा. शब्दही साधेच आहेत, कारण मला तेवढेच येतात.

आमच्या स्वयंपाकघरात दोन महिन्यांत मेणबत्त्या झाल्या कमी आणि किस्से झाले जास्त. मेणबत्ती बिघडली की परत वितळवता येते. किस्सा एकदा झाला की तसाच राहतो, आणि घरी येणारा प्रत्येक पाहुणा "तो इडलीचा सांग की" म्हणतो! म्हणून सगळे एकदाच लिहून काढतोय.

०

सुरुवात अशी झाली. मागच्या वर्षी साताऱ्याला आईचं पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन झालं. तिला आत नेलं आणि मला बाकड्यावर बसवेना. बाकड्यावर शेजारची माणसं बोलतात, चौकशी करतात. अनोळखी माणसाशी बोलायचं म्हटलं की माझं तोंडच उघडत नाही. म्हणून मी दवाखान्याच्या मागं गेलो. तिथं एक लहानसं चर्च आहे. पायरीवर कुणी नव्हतं. बसलो.

आतून एक वयस्कर बाई आल्या. त्या रूथबाई. पूर्वी नर्स होत्या, आता चर्चची उघडझाप बघतात. त्यांनी काही विचारलं नाही. फक्त म्हणाल्या, "आत ये. एक लाव."

आत टेबलावर काचेच्या बुटक्या पेल्यांत छोट्या मेणबत्त्या होत्या. नवसाच्या. दवाखान्यातून सगळ्या जातीधर्माची माणसं येतात, आपल्या माणसासाठी एक लावतात. मीही लावली. दोन तासांनी ती विझली, आणि पेल्यात अजून अर्धी शिल्लक होती!

मी पेला उचलून परत परत आत बघायला लागलो. रूथबाईंनी ते बघितलं.

"अरे, घाबरू नकोस. बाजारातला माल असाच येतो. मेणबत्ती मध्येच जाते आणि माणसं मला विचारतात, बाई, अपशकुन तर नाही ना? नर्सगिरी सोडली, पण लोकांचं बीपी बघायचं काही सुटलं नाही माझं!"

आई बरी होऊन घरी आली. पण ती अर्धी मेणबत्ती माझ्या डोक्यातून जाईना. टाके काढायला परत साताऱ्याला गेलो, तेव्हा रूथबाईंना म्हणालो, "मी घरी करून बघू का?" एवढं एक वाक्य मी एसटीत चार वेळा पाठ केलं होतं.

त्या म्हणाल्या, "आठ तास चालली पाहिजे. नऊला मी उघडते, पाचला बंद करते. आणि मध्ये कुणी हात लावायचा नाही. मी काय दिवसभर तिच्याजवळ पहारा देत बसू? हात लावावा लागला तर फेल. नाही लागला, तर कायमची ऑर्डर तुझी."

०

आता मामा. मामाचं सांगलीत काचेच्या भांड्यांचं दुकान आहे. शाळा सोडल्यापासून माझी काळजी आईपेक्षा त्यालाच जास्त. त्याला मी मेणबत्त्यांचं सांगितलं. म्हणजे आईनं सांगितलं, मी फोनवर "हं" म्हणालो.

मामा म्हणाला, "दोन महिने घे. न्हाई जमलं तर बॅग भरून यायचं आणि माझ्या काउंटरला उभं राहायचं. रोज गिऱ्हाइकाशी बोललास की तोंड आपोआप उघडंल गड्या!"

मामा मनानं फार चांगला. पण सकाळपासून संध्याकाळपर्यंत नुसती अनोळखी माणसं? मला त्यापेक्षा भर उन्हात ऊस तोडायला सांगा.

म्हणजे माझ्यापुढं दोनच गोष्टी होत्या. आठ तास, नाहीतर काउंटर.

०

पहिला प्रश्न साच्यांचा. आईचं इडलीपात्र होतं. पातेल्यात पाणी, पाण्यात डबा, डब्यात मेण, असं वितळवलं आणि इडलीपात्रात ओतलं. सकाळी छान पांढऱ्याशुभ्र बारा निघाल्या. ताटलीत काढून ठेवल्या आणि हात धुवायला नळावर गेलो.

आमच्या शेजारी सुभेदार आबा राहतात. फौजेतून रिटायर. मुलगाही फौजेत, म्हणून घरी एकटेच. रोज सकाळी न बोलावता चहाला येतात. मी परत आलो तर आबा चावत बसलेले. ताटलीत साडेअकरा!

"आबा! ते मेण हाय!"

आबांनी चावणं थांबवलं. थोडा विचार केला. आणि गिळलं.

"असू दे. फौजेत यापेक्षा वाईट खाल्लंय. चटणी दिली असतीस तर कळलंबी नसतं!"

त्या दिवसापासून आबा आमच्या कारखान्यातले तिसरे माणूस झाले.

०

दुसरा प्रश्न वातीचा. आईनं समईच्या कापसाच्या वाती वळून दिल्या. त्या मेणात आडव्या पडायच्या. आबा घरी गेले आणि जुन्या बुटाची नाडी घेऊन आले.

"सरकारी माल हाय. तुटायचा न्हाई."

नाडी लावली. काळा धूर झाला आणि घरभर परेडचा वास सुटला. आई खोकत अंगणात गेली. आबा मात्र जागचे हलले नाहीत. मायेनं नाडीकडं बघत राहिले.

"ह्या नाडीनं डोंगर बघितला, बर्फ बघितला. आग आज पहिल्यांदा बघतीया!"

शेवटी साताऱ्यातून मेणबत्तीची खास वात आणली. सुती दोऱ्याची, मेणात बुडवून कडक केलेली. दुकानदारानं कुठली हवी म्हणून विचारलं. मला बोलवेना. समोर दिसली त्या वातीकडं बोट केलं. ती बारीक निघाली.

०

काचेचे पेले नुसते शोभेचे नसतात हेही मला उशिरा कळलं. ही मेणबत्ती पेटली की सगळीच्या सगळी पातळ होते. पेला नसेल तर तासाभरात नुसतं तळं. पहिली मी तशीच आमच्या जुन्या डबा टीव्हीवर ठेवली होती. आई बातम्या बघत होती, आणि बातम्या देणाऱ्या बाईच्या कपाळावरून मेण ओघळायला लागलं.

"आगं बया, हिला काय झालं?" आई म्हणाली.

मामाला कळलं. त्यानं एसटीच्या कंडक्टरकडं खोकं पाठवून दिलं. दोन डझन पेले, एकेक वर्तमानपत्रात गुंडाळलेला. सगळ्यांचे कुठंतरी टवके गेलेले. फोनवर म्हणाला, "दुकानात ठेवण्याजोगे न्हाईत, पण वाया घालवू वाटत न्हाईत. तुझ्यासारखेच हायत बघ!"

मी "हं" म्हणालो. फोन ठेवल्यावर हसलो.

०

आता मुख्य गोष्ट. मेणबत्ती नीट जळते का हे बघायला ती लावावी लागते. मी पेल्यातली पहिली लावली, दहा मिनिटं बघितली, आणि फुंकायला वाकलो. आईनं माझ्या पाठीत धपाटा घातला.

"दिवा फुंकतोस? लाज न्हाई वाटत?"

"आगं, दिवा न्हाई, टेस्ट हाय."

"पेटला की दिवाच. त्याचा तो शांत व्हायचा. आपण फुंकायचा न्हाई!"

झालं! त्यानंतर लावलेली प्रत्येक मेणबत्ती शेवटपर्यंत जळायची, आणि तोवर कुणीतरी जवळ बसायचं. आबांनी ड्युटी मागून घेतली. एक वही केली. तिच्यात लिहायचे, "नंबर चार. पेटली सकाळी सात. वीरगती दहा वीस."

मी आधी मनात चिडलो होतो. आता आईचे पाय धरावेसे वाटतात. कारण दहा मिनिटांत सगळ्याच मेणबत्त्या चांगल्या दिसतात! खोट निघायची ती पार शेवटाकडं. कुठं वात एका बाजूला गेलेली, कुठं वातीभोवती खड्डा पडलेला. तो खड्डा दुसऱ्यांदा मेण ओतून भरायचा असतो. मी फुंकत राहिलो असतो तर हे मला कधीच कळलं नसतं.

०

नंबर सातच्या वेळी कोरेगावात आईच्या चुलत बहिणीकडं लग्न होतं. निघायच्या वेळेला मेणबत्ती चालू. आबा बँकेत गेलेले, मी रानात. आईनं फोन करून सांगितलं, "आमाला यायला जमत न्हाई. घरात दिवा चालू हाय."

आमच्याकडं घरात माणूस गेलं की त्या जागेवर दहा दिवस दिवा ठेवतात. आईच्या ते ध्यानातच आलं नाही!

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी, काका आणि त्यांचे व्याही दारात. मावशीनं उंबऱ्यातच गळा काढला. आईनं दार उघडलं. मावशीनं तिला बघितलं, मला बघितलं, चहा पीत बसलेल्या आबांना बघितलं. रडणं थांबलं.

"मग गेलं कोण?"

आबांनी चष्मा लावला. वही उघडली.

"नंबर सात. काल दुपारी दोन वाजून पाच मिनिटं."

०

एकोणिसावी आठ तास दहा मिनिटं चालली. आबा उठून उभे राहिले आणि त्यांनी कडक सॅल्यूट ठोकला. आईनं रिकाम्या पेल्याला हात जोडले. मी नळावर जाऊन तोंड धुतलं. दोनदा.

०

आता शेवटचा. मामानं दिलेल्या दोन महिन्यांतला हा शेवटचा दिवस. माझी बॅग भरून दाराजवळ ठेवलेली होती. सकाळी मी आणि आई साताऱ्याला गेलो. बरोबर नऊला रूथबाईंनी आमची मेणबत्ती टेबलावर ठेवून पेटवली. त्या दिवशी टेबलावर तेवढी एकच होती, कारण बाजारातल्या संपल्या होत्या.

"हात लावायचा नाही," त्या मला म्हणाल्या.

आई आयुष्यात पहिल्यांदा चर्चमध्ये आली होती. पहिल्या बाकड्यावर मांडी घालून बसली. रूथबाई तिच्या शेजारी बसल्या. थोड्या वेळानं दोघी लसणाच्या चटणीवर बोलत होत्या.

अकराच्या सुमाराला एक बाई आल्या. मेढ्याकडच्या. पायात चप्पल नव्हती. मुलाला नुकतंच ऑपरेशनला आत नेलं होतं. टेबलावर त्यांनी इकडंतिकडं बघितलं. लावायला दुसरी मेणबत्ती नव्हती. पेटलेल्या मेणबत्तीपुढं त्या उभ्या राहिल्या आणि मग आईला विचारलं, "ही कुणासाठी लावलिया? तुमचं कोण हाय आत?"

माझी आई खोटं बोलत नाही. दुकानदाराशीसुद्धा नाही.

आई म्हणाली, "तुमच्याच पोरासाठी लावलिया. बसा."

त्या बसल्या. मग कुणी चटणीचं बोललं नाही.

दुपारी दोनला ज्योत बारीक झाली. मी बघत होतो. पातळ मेण जास्त झालं होतं आणि वात त्यात बुडायला लागली होती. एकोणिसावीला असं झालं नव्हतं. ज्योत निळी झाली, एवढीशी. त्या बाईंनी पदर तोंडाशी धरला आणि आईचा हात घट्ट पकडला.

माझ्या खिशात चमचा होता. घरी मेणाचं काम करताना तो खिशातच असायचा. रूथबाई माझ्याकडं बघत होत्या.

मी उठलो. चमच्यानं वातीजवळचं मेण काढलं. एक चमचा, दोन, तीन. आणि त्या बाईंकडं वळून मी मोठ्यानं बोललो.

"काकू, भिऊ नका. मेण जादा झालं होतं, बाकी काय न्हाई. मी केलिया ही. माझी मेणबत्ती विझत न्हाई."

ज्योत सरळ झाली.

सव्वातीनला त्यांचा फोन वाजला. त्यांनी ऐकलं, तशाच उठल्या, आईच्या गळ्यात पडल्या आणि अनवाणी पळत दवाखान्याकडं गेल्या. नाव विचारायचं राहूनच गेलं.

पाच वाजले. मेणबत्ती जळतच होती. चमच्याबद्दल रूथबाई काही बोलल्या नव्हत्या, मीही नाही. त्यांनी खिडक्या लावल्या, किल्ली घेतली आणि रोजच्या सवयीनं टेबलापाशी येऊन फुंकायला वाकल्या.

"आवं बाई!" आई ओरडली.

रूथबाई तशाच वाकलेल्या थांबल्या. आईकडं बघितलं. मग एका हातात पेला उचलला, दुसऱ्या हातानं वाऱ्याला आडवा पदर धरला आणि पेटती मेणबत्ती घेऊन मागच्या आपल्या खोलीकडं चालायला लागल्या. किल्ली देऊन कुलूप मला लावायला सांगितलं.

खोलीच्या दारात पोचल्यावर मागं न वळता म्हणाल्या, "बारा डझन आण. वात जरा जाड घे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाराजवळची बॅग उचलली. आतले कपडे खुंटीला अडकवले आणि बॅगेत जुनी वर्तमानपत्रं भरली, पेले गुंडाळायला. पहिल्या एसटीनं सांगलीला गेलो. मामा नुकतंच शटर वर करत होता. मी काउंटरला उभा राहिलो. गिऱ्हाइकाच्या बाजूला.